ताईची तार

३ मार्च

ताईंना नमस्कार,

तुम्ही मला ओळखत नाही. मी इथल्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात काम करते. वॉर्डातली प्रत्येक चादर माझ्या हाताखालून जाते आणि डॉक्टरांपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे मला मावशी म्हणतात. तुमचा धाकटा भाऊ आमच्याकडे दाखल झालाय. आधीच सांगते, घाबरू नका. विजेच्या खांबावर काम चाललं होतं, शिडी सरकली, पाय मुरगळला. सूज उतरली की सोडतील.

आता तुम्ही म्हणाल, ही धुणं धुणारी बाई मला पत्र का लिहितेय? तर आमच्या इस्पितळाची तशी रीतच आहे. इथे येणारा प्रत्येक जण परमुलखातून पोटासाठी आलेला. दाखल करताना विचारतात, नातलग कोण? आणि बहुतेकांना इथे कोणी नसतं. मग इस्पितळ आपल्यातलंच एक माणूस त्याला नातलग म्हणून देतं. भाषा एक असली की झालं. त्या माणसाने रोज भेटायला जायचं, डॉक्टर काय म्हणतात ते पेशंटला समजावायचं, सही लागली तर करायची आणि घरी कळवायचं. ड्रायव्हर कुणाचा मामा होतो, टाइपिस्ट कुणाची बहीण. तुमच्या भावाला मी मिळाले. तोंडात गोळी टाकताना मला म्हणतो, "मावशी, तुमच्यापेक्षा ताईचा धाक बरा."

तुमच्याबद्दल सारखं बोलतो. एकटीने पिठाची गिरणी चालवता, पट्टा तुटला तर स्वतः जोडता, सगळं सांगितलंय. काळजी करू नका, मी आहे.

तुमची (आता म्हणायला हरकत नाही),
मावशी

१० मार्च

अहो बाई,

मावशी म्हणत नाही, कारण मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. रागावू नका. गिरणीच्या आवाजात ओरडून बोलायची सवय लागलीय, पत्रातही तसंच उतरतं.

पाय मुरगळला तर माणूस फडकं बांधून खोलीवर पडून राहतो, इस्पितळात खाट अडवत नाही. आणि मुरगळला पायच ना? मग हाताने पत्र का लिहीत नाही? तो मला दर आठवड्याला लिहितो. दोनच ओळी असतात, त्यातली एक जेवणाला नावं ठेवणारी, पण लिहितो. या वेळी तुमचं पत्र आलं आणि त्याचं नाही.

आणखी एक. तुमचं इस्पितळ कोणाचं? सरकारी म्हणून लिहिलेलं नाही, कंपनीचं म्हणूनही नाही, मग चालतं कशावर? तिऱ्हाईत माणूस मावशी होऊन बसतो आणि त्यात कोणाचा काही फायदा नाही, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. आमच्या गल्लीतल्या सुताराच्या बायकोला परदेशातून अशीच गोड पत्रं येत होती. "बरे आहेत, थोडा अशक्तपणा आहे." मग एके दिवशी पेटी आली. तिने पेटीवर हात ठेवून पहिलं वाक्य काय म्हटलं माहीत आहे? "मला आधी का नाही सांगितलं?" मी तिच्या शेजारी उभी होते.

म्हणून खरं काय ते लिहा. मी रडणारी बाई नाही. आईबापांमागे या पोराला मी वाढवलंय. झाडावर चढला की खाली उभी राहून ओरडायचे, "पाय मोडून आलास तर दारात उभा करणार नाही!" त्याला विचारा, आठवतंय का.

त्याची ताई

१५ मार्च

ताईंना नमस्कार,

तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं. दाराचं वाक्य आलं तेव्हा हसला, मग तोंड भिंतीकडे केलं. हाताला थोडं खरचटलंय म्हणून लिहीत नाही. ताप येतो-जातो. बाकी ठीक आहे.

इस्पितळ कोणाचं, हे तुम्ही बरं विचारलंत. मला कोणी विचारलं की माझी गाडी थांबत नाही. पूर्वी इथे बंदरावर एक जहाजावरचा आचारी आजारी पडला. पोट धरून ओरडत होता, पण त्याची भाषा सरकारी दवाखान्यात कोणाला कळेना. दारू प्यायलाय म्हणून त्याला बाकावर बसवून ठेवलं आणि तो बाकावरच गेला. त्याच्या मुलखातली, आणि दुसऱ्या मुलखांतलीही, इथे राबणारी माणसं पेटून उठली. न्हावी, शिंपी, गोदी कामगार, एक-दोन व्यापारी, सगळ्यांनी वर्गणी काढली. एका गोदामाच्या माडीवर दोन खोल्या घेतल्या. जहाजावरचा एक निवृत्त डॉक्टर आणि एक विधवा सुईण, एवढ्यावर इस्पितळ सुरू झालं.

पहिलंच मोठं ऑपरेशन आलं तेव्हा डॉक्टर अडून बसला, नातलगाची सही हवी म्हणून. पेशंटला तर कोणी नाही. सुईणीने हात पुसले आणि "बहीण" म्हणून सही ठोकली. तिथून ही रीत पडली. सुईणीचा फोटो दारात लावलाय, एवढी रागीट दिसते की मुलं तिच्याकडे बघून औषध पितात.

आता तीन मजले झालेत. सकाळी बाहेरचे पेशंट, वर बाळंतिणी, शनिवारी दातवाले डॉक्टर. दुभाषे आहेत. स्वयंपाकघर प्रत्येकाला विचारून रांधतं. प्रवासाला निघणाऱ्यांना लसी टोचतात. फार आजारी माणसाला सोबत देऊन त्याच्या घरी पोचवतात. आणि इथेच कोणी गेलं, तर त्याला नेऊन पोचवायची व्यवस्थाही आहे. मालक कोणी नाही. ज्याला जमतं तो देतो, उरेल ते इस्पितळातच घालतात. पंचमंडळात अजून एक न्हावी आहे.

मीही इथे पेशंट म्हणूनच आले होते. बॉयलरवाल्याला माझा भाऊ केला होता. बरी झाले आणि इथेच राहिले. त्यामुळे कोणाचा काय फायदा, या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

जिवाला लावून घेऊ नका.

मावशी

तार, २० मार्च

पाय चिघळला. गुडघ्याखाली कापणं भाग. भाऊ म्हणतो ताई सांगेल ते. हो की नाही तारेने कळवा. वेळ नाही. मावशी

तार, २१ मार्च

नाही. कापू द्यायचा नाही. घरी पाठवा. पत्र येतंय. ताई

२१ मार्च

बाई,

तार करून पोस्टातूनच लिहितेय. काउंटरवरच्या माणसाने पेन दिलंय आणि ते परत मिळायची वाट बघतोय.

मुरगळलेला पाय कापतात का? कोणत्या देशात? ३ तारखेला मुरगळला, १५ तारखेला "बाकी ठीक आहे", आणि काल एकदम कापणं भाग! मधे काय झालं? का आधीपासूनच झालेलं होतं आणि तुम्ही मला गोदामाची माडी आणि सुईणीचा फोटो दाखवत बसलात? मी ते पत्र गिरणीवर दोनदा वाचलं. वाचून मला बरं वाटलं होतं, याची मला आता लाज वाटते.

तुमच्या एका शब्दावर माझा विश्वास नाही. माणूस हो-नाही कशावर म्हणतो? समोरच्याने खरं सांगितलं, यावर ना? ते तुम्ही ठेवलंच नाहीत. उद्या म्हणाल, पाय कापला तरी ताप आहे. मग काय कापाल? तुमच्याकडे पुढची व्यवस्थाही आहे, तुम्हीच लिहिलंय. वा, छान! मला माझा भाऊ पेटीतून नको.

तो खांबावर चढणारा माणूस आहे. पायांवरच त्याचं सगळं आहे. लहान होता तेव्हा चालायला लागल्यापासून तो चढायलाच लागला. त्याला एका पायावर उभा करून तुम्ही मोकळ्या व्हाल, बघायचं मला आहे. सोबत द्या, गाडीत घाला, जहाजात घाला, काहीही करा. माझ्याकडे पाठवा. इथले डॉक्टर काय ते सांगतील, माझ्या तोंडावर सांगतील.

त्याला सांगा, ताई नाही म्हणाली. स्पष्ट सांगा.

ताई

२३ मार्च

ताई,

तुमचा भाऊ जिवंत आहे. ताप उतरलाय. पहिलं वाक्य हेच लिहायचं ठरवलं होतं, म्हणजे बाकीचं वाचायला तुम्हाला धीर राहील.

पाय कापला. गुडघ्याखाली, डावा.

आता सगळं सांगते. शिडी सरकली नव्हती. खांबच बुडातून कुजलेला होता. तो वर असताना खांब त्याच्यासकट आडवा झाला आणि पाऊल खाली चेंगरलं. आणलं तेव्हाच हाडांच्या डॉक्टरांनी मान हलवली होती. पण तो शुद्धीवर होता. माझा पदर धरून म्हणाला, "मावशी, ताईला मुरगळला म्हणून लिहा. ती दारात उभी राहून माझी वाट बघते हो." मला वाटलं, बरा झाला की तोच सांगेल, आपण कशाला तिच्या पोटात गोळा आणायचा? आपल्या माणसांना आपण असंच लिहितो ना, काळजी करू नका, सगळं ठीक आहे. आमच्या मेट्रनबाईंचा पहिला नियम आहे, नातलगाने दोन्हीकडे खरंच सांगायचं. तो मी पहिल्याच पत्रात मोडला.

मग बोटं काळी पडायला लागली. डॉक्टरांनी पेनने त्याच्या पायावर रेघ काढली आणि सांगितलं, काळं या रेघेच्या वर गेलं तर मी काही करू शकणार नाही. रेघ आणि काळेपणा यांत माझ्या तळहाताएवढी जागा होती. सकाळी गेले तर ती चार बोटांच्या रुंदीएवढीच उरली होती. मी त्याला हात जोडले. तो ऐकेना. "ताई सांगेल ते," एवढंच. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. पेशंट शुद्धीत असताना तो हो म्हणेपर्यंत माझी सही कामाची नव्हती.

तुमची तार आली ती ऑफिसातून मीच घेतली. आपली भाषा, पण तारेत असतात तशी अक्षरं परकी. जिन्यात उभं राहून वाचली. ताई, मी तुमच्यावर चिडले नाही. मुरगळला म्हणून लिहिणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवेल?

घरी पाठवणं शक्य नव्हतं. तो वाटेतच गेला असता. मी वॉर्डात गेले. त्याचे डोळे तापाने लाल. विचारलं, "आली?" मी म्हटलं, "आली." म्हणाला, "काय म्हणते?"

मी म्हटलं, "हो म्हणते. एकच शब्द आहे, हो."

त्याने डोळे मिटले. मग अगदी लहान पोरासारखा म्हणाला, "म्हणजे दारात उभा करेल." आणि डॉक्टरांना मान हलवून हो सांगितलं. कागदावर सही त्याने स्वतः केली, वेडीवाकडी.

हे इथे कोणाला माहीत नाही. मेट्रनबाईंनाही नाही. तुम्ही त्यांना लिहिलंत तर माझं इथलं काम त्याच दिवशी संपेल, आणि ते बरोबरच होईल. पण त्याला लिहिण्याआधी एकदा विचार करा, एवढंच मागते. तो उठून बसला की येईल-जाईल त्याला सांगतो, "माझ्या ताईने एका शब्दात हो म्हटलं. काळीज लागतं." नर्स ऐकून कंटाळल्यात.

मावशी

२९ मार्च

ताई,

तुमचं २१ तारखेचं पत्र आज मिळालं. प्रत्येक शब्द मला लागू आहे. त्याला वाचून दाखवलं नाही.

पण त्याने पाकीट पाहिलं. तुमचं अक्षर लांबूनच ओळखतो. म्हणाला, "ताईचं ना? वाचा." मी म्हटलं, गिरणीचं काहीतरी आहे, नंतर वाचते. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी हातातल्या चादरी पुन्हा मोजायला लागले. आता तो तार मागतोय. उशीखाली ठेवायचीय म्हणे. मी सांगितलं, एप्रनच्या खिशात राहिली आणि धुलाईच्या यंत्रात गेली, लगदा झाला. धुलाईखात्याच्या प्रमुख बाईने खिसे न तपासता एप्रन धुतला! माझ्या हाताखालच्या मुलींना कळलं तर वर्षभर हसतील.

त्याला संशय आलाय. कालपासून कुबड्यांना हात लावत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई येतात, तो डोळे मिटून पडतो. काल मला म्हणाला, "ती हो म्हणाली असती तर एव्हाना चार पानं शिव्या आल्या असत्या. ताई गप्प बसणारी नाही." डॉक्टर म्हणतात, आता उभा राहिला नाही तर गुडघा आखडेल, मग लाकडी पायही बसणार नाही. जखमेपेक्षा हे वाईट, असं ते म्हणाले.

मी त्याला पुन्हा काही सांगितलं तर तो विश्वास ठेवणार नाही. आता माझ्या हातात काही नाही, ताई. खरं लिहायचं असेल तर खरं लिहा, मी अक्षर न् अक्षर वाचून दाखवीन. या वेळी काही बदलणार नाही, शपथ.

मावशी

६ एप्रिल

मावशी,

तुमची दोन्ही पत्रं एकापाठोपाठ आली. पहिलं वाचून मी गिरणी बंद केली. दळण घेऊन आलेल्या बायका दारात ताटकळत राहिल्या आणि मी आत पोत्यावर बसून राहिले. एवढा मोठा आवाज बंद झाला की कसं होतं, ते मला माहीत नव्हतं. मी नाही म्हटलं होतं. माझं ऐकलं असतं तर तो मेला असता. हे वाक्य किती वेळा लिहिलं आणि खोडलं. शेवटी तसंच ठेवलंय.

तुमच्यावर मी रागावलेय. तो राग जाणार नाही, जाईल असं समजू नका. तुम्ही पहिल्याच दिवशी खरं लिहिलं असतं तर मी हो म्हटलं असतं का? म्हटलं असतं असं मला छातीठोक सांगायचंय आणि सांगता येत नाही. ते आता कधीच कळणार नाही. हे तुम्ही माझं काढून घेतलंत. आणि भाऊ मला परत दिलात. दोन्ही एकाच हाताने. मी काय करू तुमचं?

मेट्रनबाईंना मी लिहिणार नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं तर तुम्ही सांगा.

सोबत त्याच्यासाठी वेगळा कागद आहे. त्याच्या हातात द्या. वाचून दाखवू नका, त्याला माझं अक्षर बघू दे.

इकडे कधी आलात तर दळण फुकट. पण आधी भांडेन.

ताई

(सोबतचा कागद)

धाकट्या,

नालायका, कुबड्या फेकून डोळे मिटून पडतोस म्हणे. व्यायामाच्या बाई काय तुझ्या बापाच्या नोकर आहेत? उद्यापासून उभं राहायचं. पडलास तर पुन्हा उभं राहायचं. लहानपणी किती वेळा पडलास, तेव्हा कुठे लाज वाटली होती?

माझं पत्र उशिरा का आलं म्हणून तुला संशय आला ना? गवंड्याच्या मागे होते. गिरणीच्या दारातल्या दोन पायऱ्या फोडून टाकल्या आणि सरळ उतार करून घेतला. गवंडी म्हणाला, सामान चढवायला बरं पडेल. मी म्हटलं, सामान नाही, माणूस यायचाय. उतार अजून ओला आहे, कोंबड्या त्यावरून चालून गेल्यात, त्यांचे पाय उमटलेत. तू येईपर्यंत वाळेल.

पाय मोडून आलास तर दारात उभा करणार नाही, असं मी म्हणायचे. बरोबर, दारात उभा करणारच नाही, सरळ आत घेईन. आणि गिरणीवर बसून करता येईल असं काम पुष्कळ आहे. पट्टा तुटला की मला अजून दोघे लागतात आणि त्यांतला एक नेहमी चहाला गेलेला असतो.

तुझ्या मावशींनी तार धुऊन टाकली म्हणून त्यांना बोलू नकोस. त्यांच्या मागे एवढी कामं, होतं असं. तारेत तरी काय होतं? एकच शब्द तर होता. तुला उशीखाली ठेवायचाच असेल तर हा घे, माझ्या हाताने लिहितेय, परक्या अक्षरांत नाही, आपल्या अक्षरांत.

हो.

ताई